साडूच्या गावची हवा

ठाण्याहून नाशिकला जाणारी विजेवरची एसटी बस सुटताना आवाज करत नाही. त्यामुळे ती सुटली आहे हे प्रवाशांना एकमेकांना सांगावं लागतं. आमच्या पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर कोणाला तरी "अजून हललेली नाही रे" असं कळवत होत्या, तेव्हा आम्ही डेपो सोडून पुलावर चढलो होतो. धूर नाही, घरघर नाही, खिडकीच्या काचेचा खडखडाट नाही.

"छान आहे हो," माझी बायको नीला म्हणाली.

"ही वीज कुठेतरी कोळसा जाळूनच केली असेल," मी म्हटलं.

ती खिडकीबाहेर बघायला लागली. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायको वाद घालत नाही, खिडकीबाहेर बघते.

हा प्रवास हौसेचा नव्हता. डोंबिवलीत आमचं घर आहे आणि नीलाला दमा आहे. या दोन गोष्टी यापुढे एकत्र नांदणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "जागा बदला," ते म्हणाले, चष्म्याची काच बदला म्हणावं इतक्या सहज. नीलाची थोरली बहीण शैलाताई नाशिकला गंगापूर रोडला राहते. तिच्याच इमारतीत, तिच्या बरोबर वरच्या मजल्यावर, एक घर रिकामं झालं होतं. मालक भला माणूस. "पाहुण्यांना येऊन दोन दिवस राहू द्या, रविवारपर्यंत हो की नाही सांगा," असं त्याने शैलाताईला सांगितलं होतं. थोडक्यात, मुलगी बघायला जातात तसे आम्ही हवा बघायला निघालो होतो. नीलाला स्थळ पसंत होतंच. नकार द्यायची इच्छा माझी होती, आणि त्याचं कारण शैलाताईचे यजमान, म्हणजे माझे साडू, अनंतराव.

अनंतराव आधी आमच्याच गल्लीत राहत. ते डोंबिवली सोडून नाशिकला गेले तेव्हा "आता काय, द्राक्षं मोजणार का?" असं मी त्यांना विचारलं होतं. तेव्हापासून त्यांचा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो: "कशी काय तुमच्याकडची हवा?" अंथरुणावरच्या माणसाची चौकशी करतात, तो त्यांचा सूर. मी स्वतःला कधी मत्सरी समजलो नाही. कोणाच्या पैशाचा, कोणाच्या मुलांच्या परदेशी नोकऱ्यांचा मला हेवा वाटला नाही. हवेचा मात्र वाटला. हवा सगळ्यांची असते असं आपण शाळेत शिकतो. ती साडूची असते, हे पुढे कळतं.

म्हणून मी तयारीने निघालो होतो. जावयाने मला तळहाताएवढं एक यंत्र पाठवलं होतं. बटण दाबलं की हवा किती घाण आहे ते त्याच्यावर रंगात दिसतं: हिरवा म्हणजे उत्तम, मग पिवळा, नारिंगी, लाल, आणि शेवटी जांभळा. आमच्या गॅलरीत ते सहसा नारिंगीच्या खाली उतरत नाही. नाशिकला निदान एकदा तरी ते लाल झालेलं बघावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला बस चहासाठी थांबली. थंडी चांगलीच होती. नीला खाली उतरली, शाल घट्ट केली आणि तोंड मिटून, नाकाने, हळूहळू श्वास घेत उभी राहिली. घाईत असलेला माणूस असा श्वास घेत नाही.

"आत जातोय," ती म्हणाली.

"काय?"

"श्वास. पार तळापर्यंत."

तिचा पंप (दमा उठला की तोंडात फवारून ओढायचं औषध) नेहमी माझ्या कोटाच्या वरच्या खिशात असतो. ती विसरते, मी विसरत नाही. संसारातलं एवढं एक काम मी कधी चुकवलेलं नाही. त्या खिशाशी माझा हात गेला होता, तो तिने खाली केला. दुसऱ्या हातात यंत्र होतं. ते हिरवं झालं होतं. मी ते जरा हलवून पाहिलं. हिरवंच.

नाशिक जवळ आलं तशा माझ्या आशा पालवल्या. येत्या सिंहस्थासाठी शहर सगळीकडून खणलेलं होतं. मुंबई नाक्याला उतरलो तर रस्त्याची एक बाजू नांगरलेल्या शेतासारखी, दुसऱ्या बाजूला खडीचे डंपर, आणि मधल्या धुळीत रिक्षावाले रुमाल बांधून लुटारूंसारखे उभे. यंत्र नारिंगी झालं. मला भूक लागली.

इतक्यात हिरव्या नंबरपाटीची एक पांढरी गाडी आवाज न करता आमच्या पुढ्यात येऊन थांबली. काच खाली गेली.

"या, या!" अनंतराव म्हणाले. "नीला, घे, श्वास घे! श्रीधरराव, तुम्हीही घ्या. लाजू नका."

ताटात श्रीखंड वाढावं तसं ते म्हणाले.

"इथे धूळ आहे, अनंतराव," मी यंत्र दाखवलं.

"ही कुंभाची धूळ. पाहुणी आहे, जाईल. आमची हवा बघायला घरी चला."

गाडी विजेवरची होती हे मला सांगितलं गेलं. ती इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बसवलेल्या सौर पाट्यांवर चार्ज होते, हेही. कोळशावर बोलायची माझी संधी त्यामुळे गेली. घरी पोहोचल्यावर चहाच्या आधी त्यांनी मला फोनवर एक आलेख दाखवला. आज सूर्याने किती वीज दिली, त्यामुळे किती कर्बवायू हवेत जायचा वाचला, आणि त्याची झाडांमध्ये किंमत किती. अनंतराव रोज थोडंथोडं झाड वाचवत होते. एखाद्या दिवशी ढग आले की त्यांचा वाचवलेला भाग डहाळीवर येत असे, त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

"मी आयुष्यात गाडीच घेतली नाही," मी म्हटलं. "माझी किती झाडं?"

"तसं यात धरता येत नाही," ते म्हणाले.

शैलाताईने आम्हाला मागच्या गॅलरीत बसवलं. खाली बाग होती, पलीकडे कोणाचं तरी पेरूचं रान. मी पुढच्या गॅलरीकडे निघालो, कारण तिथून अंजनेरीचा डोंगर दिसतो असं फोनवर अनेकदा ऐकलं होतं. अनंतरावांनी माझा दंड धरून मला परत फिरवलं. "तिकडे ऊन येतं," ते म्हणाले. संध्याकाळ होती. पण यजमानाशी वाद घालू नये.

जेवायला गरम भाकरी, वांग्याचं भरीत आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होती. नीला दोन भाकऱ्या जेवली. डोंबिवलीत तिचं अर्ध्या भाकरीत भागतं, कारण जेवता जेवता श्वास घ्यायला थांबावं लागतं. त्या रात्री ती उशीला टेकून बसली नाही, चक्क आडवी झोपली. मी अंधारात तिचा श्वास ऐकत पडलो. शिट्टी नव्हती. मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ एवढा राग आला की मी उठून पाणी प्यायलो. इतक्या वर्षांत मला तिला जे देता आलं नाही, ते या माणसाच्या पाहुण्यांच्या खोलीत फुकट मिळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिसळ खायला गेलो. नाशिकची माणसं मिसळ घरात खात नाहीत, ती गाडी काढून गावाबाहेरच्या मळ्यात जातात. दारातल्या पाटीवर लिहिलं होतं: "शुद्ध हवेत, चुलीवरची मिसळ." पाटीखाली मोठी चूल धडधडत होती आणि लाकडांचा धूर सगळ्या मळ्यावर चांदण्यासारखा पसरला होता. त्या धुराकडे बघत, इंजिनं चालू ठेवून, गाड्यांची रांग उभी होती. मी यंत्र काढलं. लाल! मी ते न बोलता टेबलावर अनंतरावांच्या पापडाशेजारी ठेवलं.

"चुलीपाशी कुठेही लालच येणार," ते म्हणाले.

नीला वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूरच्या बाकावर बसली होती आणि मजेत होती. मिसळ आली: मोड आलेली मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, दही, पापड, आणि वर जिलबी. रस्सा असा होता की त्याच्यापुढे मत्सर काही काळ मागे पडला. दुसऱ्यांदा रस्सा मागायला मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो, तर आत गॅसच्या तीन शेगड्यांवर पातेली उकळत होती.

"मग ती बाहेरची चूल?" मी वाढप्याला विचारलं.

"तिच्यावर पाणी तापतं, काका. हात धुवायचं."

"मग पेटवता कशाला?"

"धूर दिसला नाय तर गाड्या पुढं जात्यात ना! लोकं चुलीला येतात, मिसळीला कोण येतंय?"

ही बातमी मी परत येऊन अनंतरावांना दिली. त्यांनी पापडाचा तुकडा मोडून रश्शात बुडवला आणि म्हणाले, "चव मात्र चुलीची आहे."

त्याच संध्याकाळी त्यांच्या इमारतीच्या फाटकापाशी समारंभ होता. इमारतीतल्या मंडळींनी वर्गणी काढून हवेचा दर्जा दाखवणारा फलक बसवला होता. माझ्या खिशातल्या यंत्राचा हा थोरला भाऊ, दाराएवढा. अनंतराव समितीचे अध्यक्ष. प्रमुख पाहुणे उशिरा आले, पण एकटे आले नाहीत. मागे पाच-सहा गाड्या होत्या, आणि थंडीत चालकांना काच उघडायला नको म्हणून सगळ्यांची इंजिनं भाषणं संपेपर्यंत सुरू राहिली. पाहुणे म्हणाले, नाशिकची हवा ही नाशिकची ओळख आहे. टाळ्या झाल्या. फीत कापली, फलक उजळला, हिरवा! आणि त्याच क्षणी, ठरल्याप्रमाणे, फलकाच्या बुडाशी अंथरलेली फटाक्यांची लांबच लांब लड कोणीतरी पेटवली.

फटाके वाजून संपले तेव्हा फलक दिसत नव्हता. धूर विरळ झाला तसा तो दिसू लागला. जांभळा.

"तांत्रिक बिघाड," माईकवरून जाहीर झालं. सत्कारासाठी आणलेल्या शालींपैकी एक शिल्लक होती, ती एका समयसूचक गृहस्थांनी फलकावर पांघरली. मी अनंतरावांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. नीला वर खिडक्या लावून बसली होती, तिला काही झालं नाही. मी जिने चढून वर आलो ते जवळजवळ पळतच.

"पाहिलंस?" मी म्हटलं. "ही यांची हवा!"

"फटाके कुठेही वाजतात," ती म्हणाली. "तुम्हाला इतका आनंद कशाचा होतोय?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बायकोला देण्यासारखं नव्हतं.

समारंभाने अनंतराव दुखावले होते. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की उद्या पहाटे सगळ्यांनी निफाडच्या बाजूला जायचं. ते दरवर्षी ज्यांच्याकडून द्राक्षं आणतात त्या भाऊसाहेबांची बाग बघायची. "गावातलं सोडा. खरी हवा मळ्यात," ते म्हणाले. "श्रीधरराव, तुमचं ते खेळणं घ्या बरोबर."

पहाटे निघायची गडबड, काकडवून टाकणारी थंडी. शैलाताई तेवढी स्वयंपाकासाठी घरी थांबली. मी अंधारात कोट चढवला आणि यंत्र चटकन हाताशी राहावं म्हणून वरच्या खिशात ठेवलं. त्यात आधी जे होतं ते टेबलावर काढून ठेवलं.

निफाडच्या अलीकडे गाडी मुख्य रस्ता सोडून आत वळली तेव्हा उजाडत होतं. मला वाटलं धुकं आहे. द्राक्षांच्या मांडवांवर पांढरा थर दुलईसारखा पसरला होता आणि त्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर आले होते. दृश्य सुंदर होतं, मला कबूल करावं लागलं. गाडीचं दार उघडलं आणि मग वास आला.

बागेत बांधावर आणि ओळींच्या टोकांना शेकोट्या पेटल्या होत्या. पाचट, भुसा, छाटणीच्या काड्या (वेलींच्या कापलेल्या फांद्या), वर ओला पालापाचोळा. जाळ कमी, धूर जास्त, आणि तो मुद्दाम केलेला. भाऊसाहेब कानटोपी घालून एका शेकोटीतून दुसरीकडे पळत होते.

"या, या, इंजिनेर साहेब! आज लय गार पडलंय, थांबायला वेळ नाय!" ते अनंतरावांना म्हणाले.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"मालाला पांघरूण घालतोय. मणी साखर धरायला लागलाय. या गारठ्यात पहाटं मणी तडकला का सगळा घड गेला. रात्रीच्याला ठिबकनं पाणी सोडायचं, पहाटं धूर करायचा. दुसरं काय हातात हाय?"

"दरवर्षी करता?"

"आधी थंडी सांगून यायची. आता मागच्या हप्त्यात पाऊस, परवा उकाडा, आन आज हे. शेकोटी कधी लावायची ते बी कळंना." ते खोकले, आणि शेजारच्या मळ्याकडे हात करून म्हणाले, "काही जण टायर बी जाळत्यात. आपण नाय जाळत."

वारा अजिबात नव्हता, त्यामुळे धूर वर न जाता तिथेच बसला होता. मी यंत्र काढलं. ते लाल झालं, आणि बघता बघता जांभळं. फटाक्यांशिवाय, भाषणाशिवाय, उघड्या मळ्यात, साडूने स्वतः आणून दाखवलेल्या खऱ्या हवेत जांभळं! मी वळलो.

"अनंतराव!" मी यंत्र उंच धरलं. "जांभळं!"

अनंतराव माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या मागे बघत होते. नीला बांधावर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर चढलेले, आणि तोंड उघडं. तिच्या छातीतून ती शिट्टी येत होती. इतक्या जोरात की मला वाटलं दुसरं काहीतरी वाजतंय.

मी वरच्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. पहाटे त्यात जे ठेवलं होतं ते माझ्या वर केलेल्या हातात होतं, आणि ते फवारून कोणाचाही श्वास परत येत नाही.

भाऊसाहेबांची बायको, सुमनबाई, बोदावरून (वेलींच्या ओळीच्या उंचवट्यावरून) उड्या टाकत आली. "अहो! इकडच्या इझवा!" तिने नवऱ्याला हाक दिली. "बाईला श्वास लागलाय!"

भाऊसाहेब थांबले. त्यांनी नीलाकडे पाहिलं, मग वेलींकडे, परत नीलाकडे. घड टपोरे होते, मी ते तेव्हाच नीट पाहिले. मग त्यांनी पाण्याचा पाईप उचलला आणि आमच्या बाजूची शेकोटी विझवली. तिच्या पुढची. तिच्याही पुढची. त्या ओळीवरचं पांघरूण काढलं गेलं आणि थंडी उघड्या मण्यांवर आली.

अनंतराव तोवर गाडीकडे पळाले होते. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात पंप होता. नीला ओढते तोच, न उघडलेल्या खोक्यातला. त्यांनी दातांनी वेष्टन फाडलं, तिच्या तोंडाशी धरला, आणि "हळू, हळू, धरून ठेव" असं म्हणत राहिले. तिने ओढला. थोड्या वेळाने परत ओढला. शिट्टी बारीक झाली.

"हा तुमच्या गाडीत कसा?" मी विचारलं.

"शैला ठेवते," ते म्हणाले. "जुना झाला की नवा आणते. नीला कधीही येईल म्हणून."

मला त्यांच्या डोंगराचा, गाडीचा, सौर पाट्यांचा, हवेचा हेवा वाटून झाला होता. त्या बांधावर जो वाटला तसा मात्र आधी कधी वाटला नव्हता.

आम्ही नीलाला गाडीत बसवून उंचावरच्या रस्त्याला आलो. धूर खाली राहिला. ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसली, श्वास हळूहळू जागेवर येत होता. अनंतराव आणि मी बाहेर उभे होतो.

"चूक माझी आहे," अनंतराव म्हणाले. "थंडीत इकडे पेटवतात हे मला माहीत होतं. पण कालच्या त्या फलकानंतर तुम्हाला काहीतरी हिरवं दाखवायचंच होतं."

"मी पंप घरी ठेवला," मी म्हटलं.

"श्रीधरराव, खरं सांगू? आता इथलीही हवा पूर्वीची राहिलेली नाही. इमारती, गाड्या, हे खोदकाम. आम्ही आलो तेव्हा पुढच्या गॅलरीतून अंजनेरी रोज दिसायचा. आता हिवाळ्यात काही दिवस दिसतच नाही. तेव्हा मी पाहुण्यांना मागच्या गॅलरीत बसवतो."

"ऊन येतं म्हणून?"

"ऊन येतं म्हणून." ते थोडे हसले, मग खोकले. "मी स्वतः दिवाळीपासून औषध घेतोय. तुम्हाला फोनवर सांगणार कसं? तुम्ही वर्षभर हसला असता."

हसलो असतो. दोन वर्षं.

माझ्या हातात आता सगळा पुरावा होता. यंत्र होतं, जांभळा रंग होता, आणि प्रत्यक्ष साडूची कबुली. रविवार होता. मालकाला आज उत्तर द्यायचं होतं. मी गाडीचं मागचं दार उघडून आत बसलो आणि तोंड उघडलं.

"आता म्हणू नका," नीला डोळे न उघडता म्हणाली, "की इथेही तेच."

"पण नीला, आत्ताच तुला..."

"मला आत्ताच काय झालं ते मला माहीत आहे." ती शब्दाशब्दाला थांबत होती. "तिकडे इतकी वर्षं माझा श्वास कोण कोंडतंय ते मला एकदाही दिसलं नाही. कुठला कारखाना, कुठला ट्रक, कोणाचा कचरा. रात्री वास येतो आणि सकाळी कोणीच काही केलेलं नसतं. इथे त्या माणसाने माझ्याकडे बघून शेकोट्या विझवल्या. त्याचा माल होता हो तिथे."

मी यंत्र बंद करून सीटवर ठेवलं.

"हिवाळ्यात या बाजूला यायचं नाही, एवढं मला कळतं. बाकीचे महिने मला आडवं झोपायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला भावोजींच्या डोक्यावर राहायला लाज वाटते, त्याला माझी छाती काय करणार?"

इतकं नेमकं निदान डॉक्टरांनीही केलं नव्हतं.

मी खाली उतरलो. "अनंतराव," मी म्हटलं, "मालकांना सांगा, आम्ही येतोय. वरच्या मजल्यावर."

त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "वरचा मजला," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हणजे अंजनेरी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसणार."

घरी आल्यावर त्यांनी भाऊसाहेबांना फोन केला. विझवलेल्या ओळीतले काही घड गेले होते. "जाऊ द्या, साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "बाईंचं कसं हाय?" नीलाने फोन मागून घेतला आणि सुमनबाईंशी बोलत बसली. त्या दोघींचं अर्धा तास काय चाललं होतं ते मला समजलं नाही. खोकल्यावर अडुळशाचा काढा करतात, एवढं कानावर पडलं.

सोमवारी परतीची बस घाटाने उतरू लागली. कसारा मागे पडला तसा खालच्या बाजूला आकाशाचा रंग बदलला. भिजवलेल्या राखेसारखा. वर चढताना मला तो दिसला नव्हता, कारण तेव्हा मी फक्त पुढे बघत होतो, साडूच्या दिशेने. इतकी वर्षं मी अनंतरावांच्या हवेशी भांडत होतो, आणि आमच्या स्वतःच्या हवेविषयी कोणाकडे एक साधी तक्रारही केली नव्हती. हेव्याची सोय अशी की त्यात दुसऱ्याकडे बघत राहता येतं. नीला खिडकीशी बसली होती. पंप माझ्या खिशात होता आणि तिने एकदा हात लावून तो आहे ना ते पाहिलं. पूर्वी ती असं करत नसे. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

संध्याकाळी डोंबिवलीत जिना चढताना शेजारचे देशमुख दारात भेटले. बातमी आमच्या आधी पोहोचली होती.

"नाशिकला चाललात म्हणे? नशीबवान आहात. तिथली हवा म्हणजे काय!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला चांगलं ओळखीचं होतं. "तशी काही राहिलेली नाही," मी म्हटलं, आणि खरं ते सगळं सांगितलं: खणलेले रस्ते, मळ्यातला धूर, न दिसणारा डोंगर. देशमुख मन लावून ऐकत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू खुलत होता. मला राग आला नाही. मीही असंच ऐकलं असतं.

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीचा खोकला आला. लांबलेला, कोरडा, मध्येच श्वासाला अडखळणारा. भिंतीपलीकडून तो मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि टीव्हीचा आवाज वाढवत होतो. देशमुखांच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं.

"श्रीधरराव," त्यांनी आवाज खाली आणला. "तिकडे आणखी एखादं घर रिकामं असेल का हो?"

एरवी मी "बघू" म्हणून कुलूप उघडायला लागलो असतो. नीलाने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. मी देशमुखांच्या उंबऱ्यावर उभा राहूनच अनंतरावांना फोन लावला, कारण आतला खोकला अजून थांबला नव्हता.